दुसरी बस येईपर्यंत

१

तुम्ही कधी बसथांब्यावर गाडी लावून ‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणत गेला असाल, तर मी तुम्हाला पाहिलेलं आहे. नाकात बोट घालताना, आरशात टक्कल झाकताना, बायकोचा ओरडा खाताना. घाबरू नका, मी कोणाला सांगत नाही. म्हणजे सांगतो, पण नाव घेत नाही.

तीस वर्षं मी बस चालवली. गुडघे गेले तेव्हा साहेबांनी मला डेपोच्या दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची दिली. लिफ्ट नाही. गुडघे गेलेल्या माणसाला रोज दोन जिने चढवणारा साहेब थट्टेत माझाही बाप म्हणायचा. माझं शिक्षण सातवी, त्यातही सातवीला दोन वर्षं बसलो, बाक खिडकीजवळचा होता म्हणून. पण या कामाला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात.

काम सोपं आहे. प्रत्येक बसच्या पुढच्या काचेमागे मुठीएवढा कॅमेरा असतो. थांब्याच्या जागेत कोणाची गाडी दिसली की तो आठ सेकंदांचं चित्रण करून आमच्याकडे पाठवतो. पण एकट्या बसचं बोलणं आम्ही मानत नाही. माणसाला शिंक आली असेल, थांबला असेल क्षणभर. मागून नऊ-दहा मिनिटांनी दुसरी बस येते. तिलाही तीच गाडी तिथेच दिसली की जोडी जमली. ही जोडी आमच्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडते. नंबर तोच, जागा तीच, चाक हललेलं नाही? मग हिरवं बटण, ‘उभी’. मालकाच्या घरी कागद जातो. हललेली वाटली तर लाल, ‘सोडा’. तिसरं एक पिवळं बटण आहे, ‘थांबवा’. त्याला आम्ही कधी हात लावत नव्हतो. शंका येण्याइतका विचार कोण करतो!

खोलीत टेबलं दोन. एक माझं, एक फौजदारचं. फौजदार म्हणजे पस्तिशीची बाई. तिने एकदा सख्ख्या मामाच्या गाडीवर हिरवं बटण दाबलं आणि शांतपणे डबा खायला गेली, तेव्हापासून हे नाव मी तिला दिलं. तिची पाळी सकाळची, माझी दुपारची, मधले दोन तास एकत्र. मला ती आबा म्हणते. खिडकीखाली बस धुतात. दिवसभर पाण्याचा आवाज. फवारा, ब्रश, पुन्हा फवारा.

२

माझी थट्टा डेपोत प्रसिद्ध. मी कोणाच्या डब्याला कुलूप लावलेलं आहे, कोणाच्या खुर्चीची चाकं काढलेली आहेत. पण फौजदारचा कधी ओठही हलला नाही. हे मला सहन होईना.

म्हणून एक बेत केला. माझीच गाडी थांब्यात लावायची, आणि मागच्या काचेतून आमच्या हिने एक पुठ्ठा धरायचा. त्यावर मोठ्या अक्षरांत : ‘फौजदार, हसा!’ बसचा कॅमेरा ते टिपणार आणि फौजदारच्या पडद्यावर नेऊन ठेवणार. पहिल्या बसला एकदा, दुसऱ्या बसला एकदा.

“अहो, तुमचं वय काय, चाललंय काय,” ही म्हणाली.

“वय तुझंही तेच. पण पुठ्ठा तू चांगला धरतेस.”

“आणि कोणी विचारायला आलं तर?”

“सांग, नवऱ्याने टाकून दिलं.”

“पटेल त्यांना. तुमचं तोंड बघायचीही गरज पडणार नाही.”

ही अशी. थट्टेत माझ्या तोडीची. एकदा तिने माझ्या कोटाचे दोन्ही खिसे आतून शिवून टाकले होते. भर बाजारात मी पाकीट ठेवायला गेलो आणि पाच मिनिटं स्वतःच्याच पोटावर हात चोळत उभा राहिलो.

बुधवार होता. आमची गाडी जुनी, दोनच दारांची. मागे बसलेल्याला पुढची सीट वाकवल्याशिवाय उतरता येत नाही आणि मागच्या काचा खाली होत नाहीत. हिला मागे बसवलं, गाडी थांब्यात लावली, आणि मी समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दहा वाजून दहाला पहिली बस गेली. हिने पुठ्ठा झकास धरला. दहा एकोणीसला दुसरी. तेव्हा तर तिने जीभसुद्धा काढली.

मग तिने काचेवर थाप मारली. झालं, या आता.

मी पाठ फिरवली. कुलपं बघत राहिलो. थट्टा इतक्यात संपवायची नसते. तिसरी बस गेली, बहुतेक चौथीही. थापा ऐकू येत होत्या, मग बंद झाल्या.

मग मी गेलो. सीट वाकवली, तिने उतरून पुठ्ठा माझ्या डोक्यात हाणला आणि पुढे येऊन बसली. आम्ही घरी गेलो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण नंतर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. त्या गाडीतून आम्ही दोघं घरी गेलो. तिने चहा केला आणि मला दिला नाही.

३

दुपारी डेपोत गेलो. फौजदार काही बोलली नाही. मी दोन-तीनदा खाकरलो.

“घसा बिघडलाय का आबा?”

“नाही. आज काही मजेदार दिसलं का?”

“इथे मजेदार फक्त तुम्ही येता,” ती म्हणाली आणि पडद्यात डोकं घातलं.

गुरुवारी माझ्या पडद्यावर पहिलीच जोडी उघडली ती आमच्या गाडीची. मागच्या काचेत आमची ही, हातात पुठ्ठा. मी खो खो हसलो. फौजदारने कालचं चित्रण माझ्यावरच उलटवलं, वा! अखेर बाई खेळायला लागली. मी लाल बटण दाबलं. गेली जोडी.

जिन्यात उतरताना मला त्या चित्रणातला फुटपाथ आठवला. त्याची कडा पिवळी होती. ओली, चकचकीत, आणि बाजूला रंगाचा डबा. रंगवणारा माणूस मी आज डेपोत येताना पाहिला होता. काल ती कडा राखाडी होती.

मनाला म्हटलं, अरे, काल तू कडेकडे बघितलंस कधी? तू तर बायकोची जीभ बघत होतास.

शुक्रवारी पुन्हा जोडी. वर कोपऱ्यात तारीख शुक्रवारची. रंग वाळलेला. पुठ्ठा खाली आलेला होता, त्यावरचं ‘हसा’ तेवढं काचेच्या कडेवर दिसत होतं. ही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. रस्त्यापलीकडे बघत होती, किल्ल्यांच्या दुकानाकडे. आठ सेकंदांत एकदाही तिने पापणी हलवली नाही. दुसऱ्या आठ सेकंदांत एकदा हलवली. म्हणजे फोटो नव्हता.

आमची गाडी त्या वेळी डेपोच्या आवारात उभी होती. खिडकीतून मला तिचं छप्पर दिसत होतं. मी घरी फोन लावला.

“काय हो?”

“कुठे आहेस?”

“अंतराळात. कुठे असणार? स्वयंपाकघरात.” मग जरा थांबून म्हणाली, “येताना गार पाण्याच्या बाटल्या आणा. आज घशाला काय झालंय कळत नाही.”

४

ती पाणी प्यायची, ग्लासावर ग्लास, आणि ओठ कोरडेच. जेवताना मान एका बाजूला वळवून बसायची. बोलता बोलता हात उचलायची, बोटांची चिमूट करून, काहीतरी धरल्यासारखी, आणि तिच्या लक्षातही यायचं नाही. मी म्हटलं, काय धरलंयस? ती हाताकडे बघत राहिली. म्हणाली, पाय अवघडलेत हो, सोडता येत नाहीत. पाय तर समोर लांब पसरलेले होते.

शनिवारी सकाळी तिचा डावा गाल लाल झाला होता. डॉक्टरकडे नेलं.

“उन्हात फिरल्या का?”

“तीन दिवस घराबाहेर पडले नाही,” ही म्हणाली.

“काचेतून लागतं असं,” डॉक्टर म्हणाले. “खिडकीत बसून राहत असाल. बसू नका.”

मी, जो मयतीतही थट्टा करतो, डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट वाचत बसलो.

सगळ्यात वाईट काय, तर तिने मला टोमणे मारणं बंद केलं. मी मुद्दाम चहात बोट बुडवलं, मुद्दाम उलटा शर्ट घातला. ती नुसती बघायची, कोणाची तरी वाट पाहताना माणूस मधल्या गर्दीकडे बघतो तशी.

५

तिला घरी सोडून मी त्या थांब्यावर गेलो. जागा मोकळी होती. कोणाचीही गाडी नाही. ऊन पडलेलं, स्वच्छ. मी हसलो, मोठ्याने, धीर यावा म्हणून.

मग कडा पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी रंगवलेली, आणि मध्येच एका गाडीएवढ्या लांबीचा तुकडा राखाडी. रंगवणारा थोड्या अंतरावर झाकण उघडत होता.

“इथे का नाही लावला रंग?”

“गाडी होती ना, काका.”

“कुठली गाडी?”

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. डोकं खाजवलं. “होती काहीतरी,” म्हणाला, “हलली की मारतो.”

थांब्यावर सात-आठ माणसं उभी होती. रांग होती, पण सलग नाही. तीन माणसं इकडे, पाच तिकडे, मध्ये तेवढीच जागा सोडलेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्या जागेत जाऊन उभा राहिलो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कोणाच्या अंगावर उभा आहे.

मी पाण्याची बाटली तिथे फुटपाथच्या कडेला ठेवली आणि आलो. असं करायला काय झालं होतं ते मला विचारू नका. तुमच्या बायकोला तहान लागली असती तर तुम्हीही ठेवली असती.

रविवारच्या जोडीत बाटली होती. फुटपाथवर, गाडीबाहेर, मागच्या चाकाजवळ, मी ठेवली तिथेच. ही आतून तिच्याकडे बघत होती. एक तळवा काचेला टेकलेला. पहिल्या बसला तळवा वर होता. दुसऱ्या बसला घसरून खाली आला होता, आणि काचेवर त्याचा लांब ठसा उमटला होता.

खिडकीखाली बस धूत होते. मी धावत जाऊन ओरडलो, “बंद करा ते पाणी!” खालची पोरं हसली. त्यांना वाटलं, आबांचं काहीतरी नवीन.

६

सोमवारी मी बसमध्येच बसलो. चालक माझा जुना मित्र, उंच, मान पुढे काढून चालणारा, सगळे त्याला उंट म्हणतात. त्याच्या मागच्या सीटवर बसलो, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. म्हटलं, कॅमेरा बघतो तेच मी बघीन.

“म्हातारपणी रस्ता विसरलास वाटतं,” उंट म्हणाला. “दाखवतो चल.”

थांबा जवळ आला. रिकामा. स्वच्छ रिकामा. बाटली मात्र होती. आणि उंटाने चाक उजवीकडे कापलं, कोणाच्या तरी बाजूने निघाल्यासारखी बस बाहेर काढली, आणि पुढे जाऊन थांबवली. माणसं धावत पुढे आली.

“बाहेर का काढलीस?”

“कोणी?”

“तू. आत्ता.”

“सरळ तर आलो.” त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. “थट्टा करतोयस का?”

“नाही रे.”

“मग तोंड का असं केलंयस?”

मी त्याला सगळं सांगितलं. अगदी सगळं. तो पुढच्या तीन थांब्यांपर्यंत हसत होता. शेवटी डोळे पुसून म्हणाला, “ही चांगली आहे. ही सगळ्यात चांगली आहे.”

७

मंगळवारची जोडी मी पूर्ण पाहू शकलो नाही. पुठ्ठा दिसत नव्हता. काचेच्या खालच्या कडेला फक्त केस दिसत होते.

बुधवारी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले, सलाइन लावा म्हणाले, दवाखान्यात जागा बघतो म्हणाले. शेजारीण तिच्याजवळ बसली आणि मी दोनच्या ठोक्याला डेपोत पोचलो. दोन जिने कसे चढलो आठवत नाही. फौजदारच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि मला रडू आलं.

“आबा, पुरे,” ती म्हणाली. मान वर न करता. “कालच उंटकाका सांगत होते.”

“फौजदार, तुझ्या पाया पडतो.” आणि मी खरंच वाकलो. गुडघे असे वाजले की तिने दचकून वर पाहिलं. थट्टेसाठी मी एवढा वाकणार नाही, हे तिला कळलं असावं.

माझ्या पडद्यावर तिने जोडी पाहिली. एकदा, दोनदा. खुर्ची मागे ढकलली.

“ही आजची आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“ही अजून येते?”

“अजून म्हणजे?”

ती नखं कुरतडायला लागली. “मीच केलं हे. मागच्या बुधवारी तुमची गाडी आली. हिरवं दाबलं असतं तर तुमच्या घरी कागद गेला असता, साहेबांनी नोकरीवरून काढलं असतं तुम्हाला, थट्टेसाठी बस अडवली म्हणून. लाल दाबलं तर खोटं होतं. गाडी तर उभी होती. मामाच्या वेळी मी… म्हणून म्हटलं, या वेळी नको. पिवळं दाबलं, थांबवा. म्हटलं, राहू दे तशीच. आजी किती छान दिसत होत्या.”

सहा वर्षांच्या नोकरीत तिने केलेला एवढाच एक गुन्हा. माझ्यावर माया केली.

“मग आता हिरवं दाब. लाल दाब. काहीही दाब.”

दाबून पाहिलं. दोन्ही बटणं मेलेली. खाली एक ओळ आली. थांबवलेली जोडी मिटवायची तर एका तरी बसला ती जागा मोकळी दिसली पाहिजे. आणि त्याखाली दुसरी ओळ. आठ दिवसांत मिटली नाही तर आपोआप पुसली जाईल. आज, चार वाजता.

“पुसली म्हणजे काय?” मी विचारलं.

फौजदारने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खाली फवारा चालू होता.

“गाडी निघाली पाहिजे तिथून,” मी म्हटलं. “मीच लावली, मीच काढणार. किल्ली माझ्याकडे आहे.”

“पण आबा, गाडी खाली आवारात आहे.”

“गाडी एकच आहे. बाईही एकच आहे. ही नेऊन त्या जागेवर लावतो, तिला तशीच मागे बसवतो, आणि काढतो. मागून येणाऱ्या बसला जागा मोकळी दिसेल.”

“याला काही अर्थ आहे का?”

“नाही. तुझ्याकडे अर्थ असलेलं काही आहे का?”

तिने पर्स टेबलावर परत ठेवली. “मी घरी जात नाही. इथे बसते. मोकळी दिसली की त्याच क्षणी मिटवते.”

८

शेजारणीने आणि मी मिळून हिला खाली आणलं. वजन लहान मुलाएवढं झालं होतं. शेजारीण म्हणत होती, अहो दवाखाना तर त्या बाजूला. मी सीट वाकवली, हिला मागे टेकवून बसवलं, मांडीवर बाटली ठेवली.

“येताय ना?” ही पुटपुटली. मी तर तिच्यासमोरच वाकलेलो होतो.

“आलो, आलो. पोचलोच.”

तीन वाजून पाच. दहा मिनिटांचा रस्ता. पहिले दोन चौक भुरकन गेले, आणि मग सगळं थांबलं. पुढे एक पांढरी व्हॅन बसच्या पट्ट्यात उभी होती, दिवे लुकलुकत, आत कोणी नाही. तिच्यामागे बस, बसच्या बाजूला ट्रक, ट्रकच्या मागे मी. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. उतरून व्हॅनच्या दारावर लाथा घातल्या. बसचा चालक खिडकीतून म्हणाला, “काका, आलाच असेल, दोन मिनिटांत.”

तीन वीस. थांबा दोन सिग्नल पुढे. चालत जाऊ शकत होतो, पण मला गाडी न्यायची होती. परत येऊन बसलो. आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

तीन एकोणतीसला फोन वाजला.

“आबा!” फौजदारचा आवाज मोकळा झाला होता, वर्गातून सुटलेल्या पोरीसारखा. “झालं आबा! गेली गाडी!”

“काय?”

“तीन एकोणीसच्या बसला तुम्ही दिसलात ना, फुटपाथवरून गाडीकडे जाताना. पाठमोरे होतात, पण ती तुमचीच चाल, डावा गुडघा ओढत. हातात किल्ली. आजींनी मान वर केली तुम्हाला बघून. रडलेच मी. आणि तीन अठ्ठावीसच्या बसला जागा मोकळी. लगेच मिटवून टाकलं. आता पडद्यावर काही राहिलं नाही. आबा? ऐकताय ना?”

“मिटवलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना, मोकळी दिसली की…”

“फौजदार, मी अजून पोचलोच नाही.”

तिकडे फवाऱ्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग अगदी हळू म्हणाली, “आबा, थट्टा नको. आत्ता नको.”

९

मागून एक मोठा श्वास ऐकू आला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर माणूस घेतो तसा.

आरशात पाहिलं, तर ही ताठ बसली होती. डोळे उघडे, चेहऱ्यावर रंग. मांडीवरची बाटली तशीच, झाकण न उघडलेली, आणि ओठ मात्र ओले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. काही झालं असो, कोणी का आणलं असेना, ती परत आली.

“किती वेळ लावलात!” ती म्हणाली.

“लावला गं. चुकलो. पुन्हा नाही करणार.”

ती थांबली, मग हसली. “हं, म्हणे चुकलो. तुम्ही आणि चुकाल!”

आठ दिवसांनी टोमणा मारला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुन्हा बोलली, “इश्श, काहीतरीच तुमचं.” मी अजून काही म्हटलेलं नव्हतं.

समोर व्हॅनवाला आला, पुडी खात, सगळ्यांना हात दाखवत. तरी वाट मोकळी व्हायला वेळ होता. मी गाडी बंद केलेली होती. किल्ली माझ्या हातात होती.

“अहो, हळू,” ती म्हणाली.

तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. वळणावर माणूस कलतो तशी डावीकडे कलली, मग उजवीकडे. गाडी जागच्या जागी. शेजारच्या ट्रकचा चालक पाय वर घेऊन बसला होता.

मी सीटवर उलटा फिरलो, तिचं मनगट धरलं. गरम होतं, नाडी धडधडत होती.

“थांबव म्हण त्याला. ऐकतेस का? गाडी थांबवा म्हण. उतर. सीट वाकवायला लाव आणि उतर!” मी तिला हाक मारली. चाळीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं ते तिचं नाव घेऊन मारली, दोनदा, तीनदा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. वाट मोकळी झाली होती.

ती माझ्या खांद्यावरून समोर बघत होती. समोर साडेतीनचं ऊन, गाड्यांच्या टपांवर चकाकत असलेलं.

“आपलं वळण मागे राहिलं ना?” ती म्हणाली.

मग थोडा वेळ ऐकत राहिली. माझ्या मुठीतलं तिचं मनगट गार पडत गेलं.

“बरं,” ती म्हणाली, लहान आवाजात. “पण अहो, दिवे तरी लावा.”